एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पात

मुलांनो, आपल्यापैकी बरीच जण आता संगणकावर प्रोग्रॅम लिहितात. शाळेसाठी पायथनमध्ये पाढ्यांचा प्रोग्रॅम चालू असतो, मराठी वर्गासाठी म्हणींचे पान करायचे असते, आणि शिवाय एखादा खेळ असतोच, ज्याविषयी आईबाबांना सहसा सांगितले जात नाही! घरात संगणक एक, वेळ तासभर. त्यातला बराचसा "ती फाइल कुठे गेली?" यातच जातो. आणि म्हणींच्या फाइलवर चुकून पाढ्यांची फाइल जतन झाली, तर आठवड्याची मेहनत पुसली जाते.

म्हणून आधी प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र फोल्डर करा. इथे वफ्राच्या शेतांवर काकडीच्या हरितगृहात कोणी टोमॅटोची रोपे खोचत नाही, तसेच हे. फोल्डरला 'प्रोजेक्ट १', 'प्रोजेक्ट २' अशी नावे मात्र देऊ नका. का, ते लगेच कळेल.

आपण बहुतेक जण व्हीएस कोड हा एडिटर वापरतो. मायक्रोसॉफ्टने तो २०१५ साली आणला आणि तो विनामूल्य मिळतो. त्यात 'फाइल' मेनूतून 'ओपन फोल्डर' निवडून प्रत्येक फोल्डर एकदा उघडा. त्यानंतर मेनूची गरज नाही. कंट्रोल आणि आर या कळा एकत्र दाबल्या, की अलीकडे उघडलेल्या फोल्डरांची यादी समोर येते. नावातली दोन-तीन अक्षरे टाइप करा, एंटर दाबा; झाले. (अक्षरे टाइप करूनही यादी रिकामीच दिसली, तर कळफलक मराठीवर राहिलेला नाही ना, ते आधी पाहा!) कोणत्या फोल्डरात कोणत्या फाइली उघड्या होत्या हे एडिटर लक्षात ठेवतो, त्यामुळे काम जिथे थांबले होते तिथूनच पुढे सुरू होते.

दोन गोष्टी सांभाळा. जाण्याआधी फाइल जतन करा. आणि खालच्या टर्मिनलमध्ये प्रोग्रॅम चालू असेल, तर त्याच खिडकीत दुसरा फोल्डर उघडल्यावर तो बंद पडतो. तो चालू राहायला हवा असेल, तर यादीत एंटरऐवजी कंट्रोल आणि एंटर दाबा, म्हणजे नवी खिडकी उघडेल.

दोन खिडक्या सारख्याच दिसतात आणि घोटाळा होतो. त्यावर आम्हांला आवडलेला उपाय रंगाचा. सेटिंग्जमध्ये 'वर्कस्पेस' या भागात जाऊन त्या प्रकल्पापुरती वेगळी रंगसंगती निवडता येते. शाळेचे काम काळ्या पार्श्वभूमीवर, मराठीचे पांढऱ्या, असे ठरवले की नजर चुकत नाही. दोन्ही फोल्डर एकाच खिडकीत जोडण्याचीही सोय आहे, पण एकमेकांशी संबंध नसलेल्या प्रकल्पांसाठी ती नको. एक शब्द शोधायला गेले की दोन्हीकडचे निकाल एकत्र येतात.

पालकांसाठी एक खुलासा. यादीतल्या नावासमोरची फुली दाबली, तर फक्त नाव यादीतून जाते. फोल्डर संगणकावर होता तिथेच राहतो.