रक्ताची साखळी आणि घोणसाचे विष

विळ्याने बोट कापले, की आपण त्यावर चिमूटभर हळद दाबतो आणि पुन्हा कामाला लागतो. पाच-सात मिनिटांत रक्त थांबते. यात कोणाला नवल वाटत नाही, पण नवल वाटावे अशीच ही गोष्ट आहे. जे रक्त अंगात अहोरात्र पातळ वाहत असते, ते जखमेच्या तोंडाशी येताच घट्ट कसे होते? आणि घट्ट होण्याचा गुण त्यात आहेच, तर ते हृदयात किंवा मेंदूत आतल्या आत का गोठत नाही?

मी दौलताबाद परिसरात बरीच वर्षे वैद्यकीय व्यवसाय करतो. पावसाळा लागला, की मका-कपाशीच्या शेतांतून आणि पेरूच्या बागांतून सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. रात्री वीज येते म्हणून मोटार सुरू करायला अंधारात बांधावरून जाणारे शेतकरी त्यांत पुष्कळ असतात. घोणस चावलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना मला दर वेळी रक्त गोठण्याची ही क्रिया समजावून सांगावी लागते. ती एकदा नीट समजली, की काय करायचे आणि काय करायचे नाही, हे निराळे पाठ करावे लागत नाही. म्हणून आज हाच विषय घेऊ.

एकामागून एक दरवाजे

आपल्या रक्तात गोठण्याचे काम करणारे डझनभर घटक असतात. शास्त्रज्ञांनी त्यांना रोमन आकडे दिले आहेत. यांतील बहुतेक यकृतात तयार होतात आणि एरवी झोपलेल्या अवस्थेत रक्तातून फिरत असतात. जखम झाली, की पहिला जागा होतो, तो दुसऱ्याला जागे करतो, दुसरा तिसऱ्याला. शेवटी थ्रॉम्बिन नावाचा घटक तयार होतो. तो रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचे फायब्रिनच्या धाग्यांत रूपांतर करतो. या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी तयार होते.

आपला देवगिरीचा किल्ला डोळ्यांसमोर आणा. आधी अंबरकोट, मग महाकोट, मग कालाकोट, पुढे खंदक आणि त्यानंतर ती अंधेरी. समजा, बाहेरच्या तटावरच्या एका पहारेकऱ्याला शत्रू दिसला. त्याने आतल्या दरवाजावरच्या दहा जणांना उठवले. त्या दहांनी प्रत्येकी दहा जणांना उठवले. तिसऱ्या दरवाजापर्यंत हाक पोचते, तोवर सारा किल्ला हत्यारबंद झालेला असतो. सुरुवात एका माणसाच्या हाकेने झाली, पण शेवट हजारोंच्या फौजेत झाला. रक्तातही असेच घडते. जखमेपाशी सुरू झालेली इवलीशी हालचाल पायरीपायरीने वाढत जाते. उलट, प्रत्येक दरवाजावर खोटी हाक दाबून टाकणारे नाईकही नेमलेले असतात. ही हाक थांबवणारे पदार्थ रक्तात असतात, म्हणूनच बोटाला सुरू झालेली गुठळी दंडापर्यंत चढत नाही.

अशा क्रियेला वैद्यकशास्त्रात ‘कॅस्केड’ म्हणतात. कॅस्केड म्हणजे टप्प्याटप्प्याने उतरणारा धबधबा. १९६४ साली ऑक्सफर्डच्या डॉ. मॅकफार्लेन यांनी आणि त्याच वर्षी अमेरिकेत डेव्ही व रॅटनॉफ या जोडीने, स्वतंत्रपणे, रक्त गोठण्याची क्रिया अशी साखळीने चालते असे मांडले. एकाने ‘कॅस्केड’ म्हटले, दुसऱ्यांनी सरळ ‘धबधबा’ म्हटले. मॅकफार्लेन यांचे म्हणणे असे होते, की या साखळीचे मुख्य काम लहान इशारा मोठा करणे हे आहे. पुढच्या संशोधनाने या चित्रात पुष्कळ दुरुस्त्या केल्या, पण रुग्णाच्या खाटेशी हे चित्र अजूनही उपयोगी पडते.

सापाने शिकवलेला धडा

याच मॅकफार्लेन यांनी तीस वर्षे आधी, १९३४ साली, एका सहकाऱ्यासह लंडनमध्ये घोणसाच्या विषावर काम केले होते. हिमोफिलिया या आजारात रक्त गोठवणारा एक घटक जन्मतःच अपुरा असतो, त्यामुळे साध्या जखमेतूनही रक्त वाहत राहते. अशा रक्तस्रावावर त्यांनी घोणसाचे अतिशय पातळ केलेले विष बाहेरून लावून पाहिले, आणि रक्त थांबले! घोणसाला इंग्रजीत ‘रसेल्स व्हायपर’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असताना दक्षिण भारतातील सापांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. पॅट्रिक रसेल यांच्यावरून हे नाव पडले. त्याचे विष प्रयोगशाळेत रक्ताच्या एका तपासणीसाठी आजही वापरतात.

वाचक विचारतील, की जे विष रक्त गोठवते, त्याच विषाने घोणस चावलेल्या माणसाच्या हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त कसे येते? या कोड्याचे उत्तर साखळीतच आहे. घोणसाचे विष बाहेरच्या तटावर थांबत नाही. ते एकदम मधल्या दरवाजात शिरते आणि दहाव्या व पाचव्या क्रमांकाच्या घटकांना जागे करते. फुरशाचे विष तर त्याच्याही पुढे, थ्रॉम्बिनच्या पायरीवर घाव घालते. शत्रू कुठेच नाही, पण किल्ल्याच्या मध्यभागी कोणी नगारा वाजवतो आहे. सैन्य उठते आणि अंधारात बाण सोडत सुटते. बारीक बारीक गुठळ्या होतात, विरघळतात, पुन्हा होतात. काही तासांत भाता रिकामा! फायब्रिनोजेन संपते. मग खरोखर जखम झाली, तर तिथे पाठवायला कोणी उरत नाही. रक्त पाण्यासारखे पातळ राहते.

म्हणून घोणस चावलेला माणूस पहिल्या एक-दोन तासांत पुष्कळदा फसवा दिसतो. पाय सुजलेला आणि ठणकत असतो, पण माणूस बोलतो, चालतो, चहा मागतो. घरच्यांना वाटते, विष चढलेले नाही. याच वेळात आत साखळी जळत असते.

वीस मिनिटांची परीक्षा

ही आतली आग ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. शिरेतून दोन-तीन मिलिलिटर रक्त घ्यायचे, नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालायचे आणि वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. मग नळी एकदा तिरपी करायची. रक्त घट्ट झाले, तर साखळी शाबूत आहे. रक्त ओघळले, तर साखळी तुटली आहे आणि प्रतिविष, म्हणजे लोक ज्याला सापाची लस म्हणतात ते इंजेक्शन, ताबडतोब हवे. १९७०च्या दशकात नायजेरियात फुरशासारख्या सापाच्या रुग्णांवर ही परीक्षा रुळली. आज ती आपल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही आहे.

नळी काचेचीच का, असे परिचारिका पुष्कळदा विचारतात. त्यामागे एक गमतीदार इतिहास आहे. १९५५ साली अमेरिकेतील जॉन हेजमन नावाच्या रेल्वे कामगाराची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेपूर्वी तपासले, तेव्हा त्याचे रक्त काचेच्या नळीत कितीतरी वेळ गोठेना. पण या माणसाला आयुष्यात कधी जास्त रक्तस्राव झाला नव्हता! त्याच्या रक्तात बाराव्या क्रमांकाचा घटक नव्हता. हाच घटक काचेच्या स्पर्शाने जागा होतो आणि नळीतली साखळी सुरू करतो. अंगावरच्या जखमेत मात्र सुरुवात दुसऱ्या वाटेने होते, त्यामुळे हेजमनचे काही अडत नव्हते. पुढे १९६८ साली फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकूनच त्याचे निधन झाले. त्याच्या रक्ताने शिकवलेला धडा असा, की नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली, तर चांगले रक्तही गोठत नाही आणि परीक्षा चुकते.

आमच्या भागातला एक तरुण मक्याला पाणी देताना घोट्यावर डसला गेला. भावाने त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून पाऊण तासात आणले. पायाला थोडी सूज होती, बाकी तक्रार नव्हती. नळीतले रक्त वीस मिनिटांनी पाण्यासारखे हलले. त्याला लगेच शहरात, घाटी रुग्णालयात पाठवले. प्रतिविष मिळाले, सहा तासांनी पुन्हा रक्त तपासले, तर ते गोठले. आठवड्याच्या आत तो घरी आला. दुसरा एक गृहस्थ आला तो तिसऱ्या दिवशी. त्याला आधी मारुतीच्या पारावर नेले, कडुलिंबाचा पाला चावायला दिला, कडू लागला म्हणून विष नाही असे ठरवले. त्याची लघवी बंद झाली होती. पुढे कितीतरी वेळा डायलिसिस करावे लागले, तेव्हा तो वाचला. दोघांना चावलेला साप एकाच जातीचा होता, फरक होता तो वेळेचा.

रक्त का चढवत नाही?

“डॉक्टर, रक्त जाते आहे तर रक्त चढवा ना!” हा नातेवाइकांचा नेहमीचा आग्रह. विष अंगात मोकळे असताना नुसते रक्त किंवा प्लाझ्मा देणे म्हणजे जळत्या आगीत आणखी लाकडे घालणे. नवे घटकही विष वापरून टाकते. आधी प्रतिविषाने नगारा बंद करायचा. तो बंद झाला, की यकृत स्वतःच नवे घटक तयार करते. त्याला साधारण सहा तास लागतात. प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी पुन्हा नळी पाहतात, ती याचसाठी.

आपल्याकडचे प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून तयार होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर ते एकच चालते, त्यामुळे साप मारून दवाखान्यात आणायची गरज नाही. आपल्या राज्यात या कामात मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव मोठे आहे.

साखळी नेमकी कुठे तुटली हे कळले, की उपचार कळतो. शेतात उंदरांसाठी ठेवलेले औषध चुकून पोटात गेले, तरी रक्त गोठत नाही. पण तिथे ‘के’ जीवनसत्त्वाअभावी यकृताला चार घटक नीट तयार करता येत नाहीत. त्यावर ‘के’ जीवनसत्त्व हाच उतारा. सर्पदंशात त्याचा उपयोग नाही. हिमोफिलियात एक कडी जन्मतःच अपुरी, म्हणून नेमका तोच घटक द्यावा लागतो. लाल विंचवाच्या दंशात साखळी निराळीच असते. तिथे विषामुळे अंगातली उत्तेजक द्रव्ये उसळतात, रक्तदाब चढतो आणि हृदय थकून फुफ्फुसात पाणी होते. ही साखळी प्राझोसिन या गोळीने मधेच तोडता येते, हे महाडमध्ये राहून दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सर्पदंश हा काही किरकोळ विषय नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. २०२४ साली केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे, असे त्याचे उद्दिष्ट आहे.

हे लक्षात ठेवा

१. साप चावताच रुग्णाला धीर द्या. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, फळी बांधून स्थिर ठेवा. अंगठी, कडे, जोडवी, पैंजण लगेच काढा. सूज आल्यावर ते रुततात.

२. दोरीने आवळून बांधू नका. चिरा देऊ नका. रक्त गोठत नसताना दिलेली चीर वाहतच राहते. तोंडाने विष ओढू नका.

३. दुखते म्हणून ॲस्पिरिनसारखी गोळी देऊ नका. तिने रक्तस्राव वाढतो.

४. पाला कडू लागतो की गोड, मिरची तिखट लागते की नाही, यावरून विष कळत नाही.

५. चावल्याची वेळ लिहून ठेवा. १०८ क्रमांकाला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेले रुग्णालय गाठा.

६. पहिली नळी चांगली आली, म्हणून घरी परतू नका. ही तपासणी पुन्हापुन्हा करावी लागते, निदान चोवीस तास देखरेखीखाली राहावे. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर जाते, ते या नळीत दिसत नाही. पापण्या जड होणे, गिळता न येणे, श्वास अडणे ही त्याची लक्षणे. मण्यार चावलेली जागा तर दुखतही नाही.

७. रात्री शेतात जाताना बॅटरी, काठी आणि घोट्याच्या वर येणारे बूट एवढे तरी असू द्या. घोणसाच्या अंगावर साखळीसारखे ठिपक्यांचे पट्टे असतात आणि तो कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कारतो. अजगराचे पिल्लू समजून त्याला हात लावणारे दर वर्षी भेटतात.

रुग्णालयात पोचल्यावर नातेवाइकांनी डॉक्टरांना चावल्याची वेळ सांगावी आणि न संकोचता विचारावे, “काचेच्या नळीत रक्त ठेवून पाहिले का?” या प्रश्नाचा कोणत्याही चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही.