बिलात नसलेली जेली

माणकोली नाक्यावर पाच मिनिटं उभं राहा आणि कंटेनर मोजा. लाल, निळे, हिरवे, गंजके... हरलात ना? काल्हेर, पूर्णा, दापोडा, वळ, जिकडे जाल तिकडे गोदामं, आणि गोदामांसमोर रांगा लावलेले ट्रेलर. त्यातला बराचसा परदेशी माल न्हावा-शेवाच्या बंदरात, म्हणजे आपल्या जेएनपीटीत, जहाजातून उतरतो. खोक्यात काय आहे, किती आहे, कुठून आलंय, सगळ्याचे कागद असतात. खेळण्याच्या सेलचासुद्धा हिशोब असतो!

पण जहाजाबरोबर आणखी एक गोष्ट यायची, जिचं बिल कोणी मागितलंच नाही. पाणी.

जहाज पाण्यावरच तर चालतं, मग पोटात पाणी कशाला? रिकामा टेम्पो भिवंडीच्या खड्ड्यांतून कसा उडत जातो ते तुम्ही पाहिलंय. माल भरलेला असला की तोच टेम्पो शहाण्यासारखा चालतो. जहाजाचंही तसंच. माल कमी असला की ते वर उचललं जातं, डुलतं, वादळात कलंडू शकतं. म्हणून त्याच्या तळाशी वजन हवं. या वजनाला म्हणतात बॅलास्ट. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात केली, त्या काळात जगभर लाकडी जहाजांच्या तळाशी दगड-वाळू भरत. पुढे लोखंडी जहाजं आली, पंप आले, आणि लोकांनी विचार केला, दगड कशाला वाहायचे? समुद्राचं पाणी फुकट आहे! एका बंदरात टाक्या भरायच्या, दुसऱ्या बंदरात माल चढवताना ओतून द्यायच्या.

आता सांगा, समुद्राचं पाणी नुसतं पाणी असतं का? त्यात शेवाळाचे कण असतात, माशांची अंडी असतात, खेकड्यांची आणि शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं असतात. सगळी मंडळी तिकीट न काढता प्रवासाला!

यातली सगळ्यात नाठाळ प्रवासी म्हणजे नेमिऑप्सिस. ही एक कंगवा-जेली. नावात जेली आहे, पण ती जेलीफिश नव्हे. जेलीफिश डंख मारते, ही मारत नाही. लांबी वीतभरापेक्षा कमी, अंग काचेसारखं आरपार, आणि त्यात बहुतेक पाणीच. मेंदू नाही, हाडं नाहीत. अंगावर उभ्या आठ ओळी, आणि प्रत्येक ओळीत बारीक केसांच्या फण्या. या फण्या एकामागून एक हलवत ती पोहते. त्यांच्यावर ऊन पडलं की इंद्रधनुष्याचे रंग धावायला लागतात. तो तिचा स्वतःचा उजेड नव्हे बरं का, ती प्रकाशाची गंमत! स्वतःचा उजेडही तिच्याकडे आहे. अंधारात कोणी धक्का मारला तर ती निळसर-हिरवी चमकते.

तिचे बाकीचे उद्योग ऐकाल तर थक्क व्हाल. एकच जेली नरही असते आणि मादीही. दिवसाला हजारो अंडी घालू शकते, आणि जोडीदार नसला तरी तिचं अडत नाही. पिल्लू दोनेक आठवड्यांत अंडी घालायच्या वयाला येतं. खायला मिळालं नाही तर ती मरत नाही, आकसते. पुन्हा जेवण मिळालं की फुगते. २०१९ मध्ये सिडनी टॅम या शास्त्रज्ञांनी सांगितलं, की तिला शी करायची कायमची जागाच नाही. गरज पडली की तिथे भोक तयार होतं, काम झालं की नाहीसं होतं! (हसा, हसा. शास्त्रज्ञही हसले असणार.) आणि २०२४ मध्ये कळलं, की जखमी झालेल्या दोन जेली शेजारी ठेवल्या तर त्या जोडल्या जाऊन एक होतात. एकीला टोचलं की दोघी दचकतात, आणि एकीने खाल्लेलं दुसरीच्या पोटात जातं.

तिचं माहेर अमेरिका खंडाचा अटलांटिक किनारा. तिथे तिला गिळणारे मासे आहेत, दुसऱ्या जेली आहेत, त्यामुळे ती आवाक्यात राहते. मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कुठल्यातरी जहाजाच्या बॅलास्ट पाण्यातून ती काळ्या समुद्रात पोचली. तुर्कस्तान, युक्रेन, रशिया, बल्गेरिया अशा देशांच्या मधोमध असलेला हा समुद्र. १९८२ मध्ये ती तिथे पहिल्यांदा दिसली. तिला खाणारं तिथे कोणीच नव्हतं. १९८९ पर्यंत तिने समुद्र भरून टाकला.

काळ्या समुद्रातल्या कोळ्यांची सारी भिस्त होती अँकोव्ही या छोट्या माशावर. तुम्ही कुरकुरीत मांदेली खाल्ली असेल ना? अँकोव्ही म्हणजे मांदेलीची चुलत बहीण. ती खाते प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे इवले जीव. जेलीही तेच खाते. म्हणजे आधी तिने अँकोव्हीचं ताट पळवलं, आणि वर तिची अंडी-पिल्लंही गिळली! १९८८ मध्ये तुर्कस्तानच्या कोळ्यांना काळ्या समुद्रात जवळपास तीन लाख टन अँकोव्ही मिळाली होती. दोनच वर्षांत ती एक लाख टनांच्या खाली आली. प्लवक खाणारे मासे गेले, ते मासे खाणारे डॉल्फिनही उपाशी. होड्या किनाऱ्याला बांधून ठेवायची वेळ आली.

सगळं खापर जेलीच्या डोक्यावर फोडणं मात्र मला पटत नाही. त्याआधीची कित्येक वर्षं माणसांनी तिथे बेसुमार मासे ओरपले होते. डॅन्यूबसारख्या नद्यांनी शेतांतली खतं आणून समुद्रात ओतली होती. घर आधीच खिळखिळं झालेलं. जेलीने शेवटचा धक्का दिला.

मग काय करायचं? शास्त्रज्ञांची चर्चा सुरू झाली. जेलीला खाणारा कोणी मुद्दाम आणून सोडावा का? आणि त्याने आणखी काही खाल्लं तर? चर्चा चालूच होती, तेवढ्यात १९९७ मध्ये बेरोई स्वतःच हजर! तीसुद्धा कंगवा-जेलीच, आणि तीही बहुधा जहाजाच्या पाण्यातून आलेली. तिचं जेवण एकच: दुसऱ्या कंगवा-जेली. एरवी ओठ घट्ट चिकटलेले असतात; शिकार आली की तोंड आ वासतं आणि अख्खी जेली आत. नेमिऑप्सिस कमी झाली, मासे हळूहळू वाढू लागले.

कॅस्पियन समुद्राचं नशीब इतकं चांगलं नव्हतं. नदी आणि कालव्यातून जाणाऱ्या जहाजांबरोबर नेमिऑप्सिस १९९९ मध्ये तिथेही पोचली आणि किल्का नावाच्या माशांची मासेमारी कोसळली. तिथलं पाणी फारसं खारट नाही, आणि बेरोई बरीच वर्षं तिथे काही मदतीला आली नाही.

कंगवा-जेली आपल्या समुद्रातही आहेत, पण त्या इथल्याच. त्यांना खाणारे मासे आहेत, त्या काही कोणाच्या डोक्यावर बसत नाहीत. आपल्याकडे आलेली परकी मंडळी वेगळी. त्यातला एक काळ्या पट्ट्यांचा छोटासा शिंपला, मायटिलॉप्सिस. हा मूळचा कॅरिबियनकडचा. १९६७ मध्ये तो विशाखापट्टणम बंदरात सापडला, पुढे मुंबईतही. दिसायला शिनाण्यांच्या पिल्लासारखा, पण खाण्याच्या कामाचा नाही. जहाजांच्या बुडाला, धक्क्यांच्या खांबांना, पाण्याच्या पाइपांना तो घोसाघोसाने चिकटतो. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होवो नाहीतर उन्हाळ्यात खारट, त्याला फरक पडत नाही. आणि एकदा त्याने जागा बळकावली, की इथल्या शिंपल्यांना उभं राहायला जागा नाही.

ऑस्ट्रेलियाच्या डार्विन शहरात हाच शिंपला १९९९ मध्ये होड्या ठेवायच्या छोट्या बंदरांत सापडला. त्या बंदरांना समुद्राकडून बंद करता येणारे दरवाजे होते. सरकारने दरवाजे बंद केले आणि पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. शिंपला मेला, आणि त्याच्याबरोबर आतलं जवळपास सगळं मेलं. मुंबई बंदराला असा दरवाजा कुठून लावणार? म्हणून पाहुणा आल्यावर हाकलण्यापेक्षा तो येऊच न देणं स्वस्त.

यासाठी २००० च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या एका प्रकल्पात जगातली सहा बंदरं निवडली गेली. त्यात काळ्या समुद्रावरचं ओडेसा होतं आणि आपलं मुंबईही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मुंबई बंदर आणि जेएनपीटीच्या पाण्यात, गाळात, खांबांवर कोण कोण राहतं याची मोजणी केली. उद्या नवा पाहुणा आला तर ओळखायला जुनी हजेरी हवी ना!

२००४ मध्ये बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तो ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे. आता जहाजावर गाळण्या असतात, अतिनील दिवे नाहीतर क्लोरीन असतं. बाहेर सोडायच्या एक हजार लिटर पाण्यात मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे किंवा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी असावे लागतात. वीस वर्षांपूर्वी हा नियम ऐकून जहाजवाल्यांनी कपाळाला हात लावला असेल, पण मला तो योग्यच वाटतो.

हे जहाजवाल्यांचं झालं, आता तुमचं. जलपर्णी तुम्ही कामवारी नदीत पाहिली असेल. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि तिला फुलं सुंदर येतात म्हणून माणसांनीच देशोदेशी नेलेली. घरच्या काचेच्या टाकीत सकरफिश असेल तर तोही तिकडचाच. तो मोठा झाला, टाकीत मावेना, म्हणून दया येऊन त्याला वऱ्हाळा तलावात किंवा कामवारीत सोडू नका. दुकानदाराला परत द्या, नाहीतर मोठी टाकी असलेला मित्र शोधा. टाकीतल्या वनस्पती आणि पाणीही नदीत-तलावात ओतू नका. पाणी झाडांना घाला, वनस्पती उन्हात कडकडीत वाळवून कचऱ्यात टाका.