निळा चौकोन आणि दोन फुटांची वाट: मोंतान्या दे ओरोचा सिंगलट्रॅक

हे या भागाचं लेखी रूप. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी दरवेळी टाकतो तसंच. बोलताना जे हातवारे करून सांगितलं होतं ते इथे शब्दांत बसवलंय, आणि आकडेमोड जरा नीट मांडलीय.

गेल्या महिन्यात सॅन होजेहून एका श्रोत्याचा प्रश्न आला. त्यांची मुलगी सोळा वर्षांची आहे. वर्षभर ती रुंद, मातीच्या रस्त्यांवर माउंटन बाइक चालवतेय आणि आता तिला मोंतान्या दे ओरोची हॅझर्ड पीक ट्रेल करायची आहे. ते लिहितात, "नकाशावर निळा चौकोन आहे, इंटरमीजिएट म्हटलंय. म्हणजे नक्की काय? तिला पाठवू का? आणि हो, ट्रेलच्या नावातच हॅझर्ड आहे!"

प्रश्न बापाचा आहे, त्यामुळे 'हो हो, पाठवा' असं म्हणून मोकळं होता येत नाही. नीट बघू.

आधी जागा समजून घेऊ

सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस यांच्या साधारण मध्यावर, सॅन लुइस ओबिस्पोच्या पश्चिमेला हे स्टेट पार्क आहे. १९६५ साली कॅलिफोर्निया राज्याने ही जमीन घेतली. आज आठ हजार एकरांहून मोठं रान आहे आणि सात मैल समुद्रकिनारा. मोंतान्या दे ओरो म्हणजे स्पॅनिशमध्ये सोन्याचा डोंगर. वसंतात पॉपी आणि रानमोहरीच्या फुलांनी डोंगर पिवळा होतो, त्यावरून हे नाव.

'हॅझर्ड' हे नाव मात्र एका माणसाचं. अलेक्झांडर हॅझर्ड नावाच्या शेतकऱ्याने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इथे लाकडासाठी निलगिरी लावली. धंदा काही चालला नाही, झाडं राहिली आणि नाव राहिलं. तेव्हा नावाला घाबरू नका.

ट्रेल स्पूनर्स कोव्ह या छोट्या खाडीजवळून, जवळजवळ समुद्रसपाटीवरून निघते आणि अडीच-तीन मैलांत १,०७६ फुटांच्या हॅझर्ड शिखराशी पोचते. पुढे ती मागच्या बाजूने उतरत आयले क्रीक रोड या रुंद मातीच्या रस्त्याला मिळते. पूर्ण फेरा केला तर साधारण नऊ मैल. वर वारं भन्नाट असतं. उत्तरेकडे मॉरो रॉक दिसतो, ५७६ फुटांचा, एका जुन्या ज्वालामुखीचा आतला घट्ट गाभा. बाकीचा डोंगर झिजून गेला, हा उरला.

निळा चौकोन म्हणजे काय?

हिरवा वर्तुळ, निळा चौकोन, काळा डायमंड ही खुणांची पद्धत बर्फावरच्या स्कीइंगमधून आली आणि इम्बा, म्हणजे माउंटन बाइकवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, तिने ती सायकलच्या वाटांसाठी बसवली. निळ्याचं माप असं: वाट किमान २४ इंच रुंद, सरासरी चढ-उतार १० टक्क्यांपर्यंत, आणि जो टाळता येणार नाही असा अडथळा ८ इंचांपर्यंत उंच. हिरव्यात हेच आकडे ३६ इंच, ५ टक्के आणि २ इंच आहेत.

हॅझर्ड पीकचा हिशोब लावा. अडीच-तीन मैलांत सुमारे हजार फूट, म्हणजे सहा ते आठ टक्के. निळ्यात आरामात बसते.

आता २४ इंच म्हणजे किती ते डोळ्यांसमोर आणा. साठ सेंटीमीटर. आजकालच्या माउंटन बाइकचं हँडल साधारण ७४ ते ८० सेंटीमीटर रुंद असतं. म्हणजे तुमचं हँडल वाटेपेक्षा रुंद! दोन सायकली शेजारून जाणं शक्यच नाही. कोणीतरी थांबायचंच.

सिंगलट्रॅकला आपल्याकडे सरळसाधा शब्द आहे, पायवाट. घाटातल्या पायवाटेवर डोक्यावर भारा घेतलेली बाई समोरून आली की आपण कडेला होतो. ते काही पाटी लावून कोणी शिकवत नाही. इथेही सगळा खेळ त्या कडेला होण्याचाच आहे. कारण ही वाट दुतर्फा आहे आणि तिच्यावर चालणारे, घोडेवाले आणि सायकलवाले असे तिघेही असतात.

म्हणून माझं म्हणणं असं, की निळा चौकोन जमिनीबद्दल सांगतो. वळणापलीकडे कोण आहे हे तो सांगत नाही. इंटरमीजिएट रायडर कोण? तर जेवढी वाट दिसते, तिच्या निम्म्यात जो थांबू शकतो तो.

निम्म्यातच का?

समजा झुडपांच्या वळणावर तुम्हाला पुढचे १२ मीटर दिसतायत. समोरून चालणारा माणूस असेल तर तो थांबेल, तुम्हाला १२ मीटर मिळतील. पण समोरूनही सायकलच येत असेल तर? त्यालाही थांबायला जागा हवी. सहा तुमचे, सहा त्याचे.

आता कच्चा हिशोब. दिसल्यापासून बोट ब्रेकवर दाबेपर्यंत एक सेकंद धरू. सुट्या मातीवर ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला मीटर-प्रति-सेकंदात साडेतीनने कमी होतो असं धरू. हा माझा अंदाज. टायर आणि जमिनीप्रमाणे तो बदलेल.

ताशी १६ किलोमीटर वेगाला: त्या एका सेकंदात साडेचार मीटर, ब्रेक लागल्यावर जवळजवळ तीन. एकूण साधारण सात.
ताशी २४ किलोमीटरला: सेकंदात पावणेसात, ब्रेकमध्ये साडेसहा. एकूण तेरा!

वेग दीडपट झाला, अंतर जवळजवळ दुप्पट. आणि सहा मीटरमध्ये थांबायचं असेल तर वेग हवा ताशी १३-१४. उतारावर तर त्याहूनही कमी, कारण उतार ब्रेकच्या विरुद्ध ओढतो. म्हणजे आंधळ्या वळणावर रमतगमत जायचं, आणि पुढे उघड्या धारेवर वाट लांबवर दिसली की खुशाल सोडायची. मजा कमी होत नाही हो. ती योग्य जागी जाते, इतकंच.

हातपाय कुठे ठेवायचे?

उतारावर सीटवरून उठायचं. ड्रॉपर असेल तर सीट खाली घ्या. दोन्ही पॅडल जमिनीला समांतर, गुडघे-कोपरं किंचित वाकलेली. वजन पायांवर, हात हलके. हँडल घट्ट आवळलंत की प्रत्येक दगड थेट खांद्यात येतो.

ब्रेकवर प्रत्येक हाताचं एकच बोट, आणि दोन्ही ब्रेक एकत्र. बऱ्याच जणांना पुढच्या ब्रेकची भीती असते. लहानपणी कोणीतरी 'पुढचा दाबू नको, उलटशील' असं सांगितलेलं असतं ना! पण ब्रेक लावल्यावर वजन पुढे सरकतं, त्यामुळे पकड पुढच्याच चाकाला जास्त मिळते. हळूहळू दाब वाढवायचा, वजन थोडं मागे-खाली ठेवायचं. फक्त मागचा आवळलात तर चाक घसरत जातं, आणि घसरणारं चाक फिरणाऱ्या चाकापेक्षा उशिरा थांबवतं.

हेअरपिन वळणं आपल्या घाटांसारखीच, फक्त दोन फुटांची. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. नजर वळणाच्या बाहेर पडायच्या जागी. जिकडे बघाल तिकडे सायकल जाते. कड्याकडे बघू नका.

जमीन दोन प्रकारची लागते. खाली समुद्राजवळ वाऱ्याने आणलेली वाळू. तिथे हलका गिअर, वजन थोडं मागे, पॅडल चालू ठेवायचं आणि हँडल झटक्याने वळवायचं नाही. पुढचं चाक रुतलं की तुम्ही उतरलातच समजा. वर गेलात की थराथराचा शेल खडक. तो फुटून खापऱ्यांसारखे चपटे तुकडे होतात आणि टणक जमिनीवर सुटे पसरतात. तिथे ब्रेक सरळ भागात, वळणात नाही.

वाट कोणाची आधी?

नियम सोपा: सायकलवाला सगळ्यांना वाट देतो, चालणारा घोड्याला देतो. दोन सायकली समोरासमोर आल्या तर उतरणारा चढणाऱ्याला देतो, कारण चढावर एकदा थांबलं की पुन्हा निघणं महाकठीण.

घोड्याचं थोडं वेगळं आहे. घोडा हा शिकार होणारा प्राणी. वरच्या बाजूला दबून बसलेलं काहीही त्याला झडप घालणारं जनावर वाटतं, आणि या डोंगरांत खरंच माउंटन लायन आहेत. म्हणून थांबा, उतरा, जमलं तर उताराच्या बाजूला उभे राहा आणि स्वाराशी बोला. आवाज ऐकला की हेल्मेट-गॉगलवालं ते विचित्र प्रकरण माणूस आहे हे घोड्याला कळतं. मी एकदा धारेवर दोन घोड्यांसाठी थांबलो होतो. स्वार बाई म्हणाल्या, "बोलत राहा, काहीही बोला." मी मराठीत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. घोड्याने कान माझ्याकडे वळवले आणि शांतपणे निघून गेला. भाषेची अट नाही!

मागून येत असाल तर लांबूनच घंटी. पन्नास रुपयांची घंटीही चालते.

हे इतकं का सांगतोय?

कारण अशा वाटा सायकलला कायमच्या मिळालेल्या नाहीत. माउंटन बाइकिंगचा जन्म ज्या भागातला म्हणतात, ते गोल्डन गेटच्या उत्तरेचं मॅरिन. तिथे १९७६ साली रीपॅक नावाच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या, जुन्या जाडजूड सायकली घेऊन. आणि त्याच मॅरिनमधल्या माउंट टॅमच्या बहुतेक सिंगलट्रॅकवर पुढे सायकलला बंदी आली. चालणारे आणि घोडेवाले यांच्याशी झालेला संघर्ष हे त्यातलं मोठं कारण. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लबांनी मिळून इम्बा काढली तीही वाटा बंद होऊ लागल्या म्हणूनच. हॅझर्ड पीक आज तिघांना खुली आहे. ती तशी राहणं वळणावर तुम्ही कसे येता यावर अवलंबून आहे.

वाटेच्या तब्येतीचंही तसंच. चांगली वाट उताराच्या बाजूला किंचित झुकलेली असते, म्हणजे पावसाचं पाणी आडवं ओलांडून जातं. चाक घासत नेलंत की चर पडते, पुढच्या पावसात पाणी त्या चरीतून धावतं आणि वाटेचा ओहोळ होतो. म्हणून पावसानंतर साधी कसोटी: टायरचा खोल ठसा उमटतोय? मग परत फिरा. आणि डबक्याला वळसा घालू नका, दोन फुटांची वाट सहा फुटांची होते.

पॉइझन ओक, म्हणजे आपल्या बिब्ब्याचा भाऊबंद

कडेच्या झुडपांत तीन-तीन पानांचे झुपके दिसले की हात आखडता घ्या. पॉइझन ओकच्या तेलाने अंगावर खाज आणि फोड येतात. हे झाड बिब्बा, काजू, आंबा यांच्याच कुळातलं. कोकणात काजूच्या टरफलाचं तेल उतलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना जास्त सांगायला नको. हिवाळ्यात पानं गळतात, पण काड्यांमध्येही तेल असतं. घरी आल्यावर साबणाने घासून धुवा. हातमोजे आणि हँडलसुद्धा, कारण तेल तिथेही टिकून राहतं. रॅटलस्नेक आणि गोचिड्याही आहेत. दगडापलीकडे न बघता पाय टाकू नका, आणि परतल्यावर पोटऱ्या तपासा.

तर, मुलीला पाठवायचं का?

तिच्या नेहमीच्या मातीच्या रस्त्यावर तीन गोष्टी करून बघा. उतारावर ताशी पंधराच्या वेगात असताना तुम्ही अचानक 'थांब' म्हणा. मागचं चाक न घासता ती सात मीटरमध्ये थांबते का? दोन वीटा दोन फुटांवर ठेवून त्यांच्यामधून हळू, पाय न टेकता जाते का? आणि चढावर थांबून पुन्हा निघता येतं का? तिन्ही जमलं तर न्या. नुसतं पाठवू नका, बरोबर जा.

पहिल्या वेळी पूर्ण फेरा नको. समुद्राकडून शिखरापर्यंत चढा आणि त्याच वाटेने उतरा. चढताना वेग कमी असतो, प्रत्येक आंधळं वळण, प्रत्येक सुटा दगड वाचून होतो. उतरताना मग ती वाट ओळखीची झालेली असते. सकाळी धुकं दाट असेल तर थोडं थांबा. दिसणारी वाट कमी झाली की वेगही तितकाच कमी, हिशोब तोच. पाणी जास्त घ्या, आणि ढकलत न्यायला लाजू नका. वाट ढकलणाऱ्याचीही असते.

तुमच्या आसपासच्या वाटांबद्दल, मग ती कॅलिफोर्नियातली असो की सह्याद्रीतली, प्रश्न असतील तर नक्की पाठवा. पुढच्या भागात ट्यूब पंक्चर झाल्यावर डोंगरात काय करायचं ते बघू. तोपर्यंत घंटी वाजवत राहा!