मोडणीवर उभी आठवण

आजीला आपल्या लग्नातली पंगत साठ वर्षांनंतरही आठवते. त्या दिवशी तिच्या मेंदूतल्या चेतासंधींवर जी प्रथिनं होती, ती मात्र केव्हाच मोडीत निघाली आहेत. दोन चेतापेशी जिथे एकमेकींशी बोलतात त्या चेतासंधींवरचे, म्हणजे सिनॅप्सवरचे बहुतेक प्रथिनरेणू काही दिवस, फार तर काही आठवडे टिकतात. सिनॅप्सचा जोर मग वर्षानुवर्षं कसा राहतो?

शाळेच्या पुस्तकात प्रथिनं घडवणारा रायबोसोम भेटतो. ती मोडणारा प्रोटिअ‍ॅसोम सहसा भेटत नाही, आणि माझ्या मते वरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्याच्याकडे आहे.

हे यंत्र पोकळ पिंपासारखं असतं. सात-सात घटकांची चार कडी एकावर एक बसलेली, प्रथिनं कापणारी केंद्रं आतल्या बाजूला, आणि टोकांना टोप्या. आत सरसकट प्रवेश नाही. ज्या प्रथिनाला जायचं आहे त्याला आधी युबिक्विटिनची साखळी चिकटवली जाते. युबिक्विटिन हे स्वतःच 76 अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन आहे. टोपी ही खूण ओळखते, खुणेचे मणी सोडवून घेते, प्रथिनाची घडी उलगडते आणि धागा आत सरकवते. आत त्याचे बारीक तुकडे होतात. या सगळ्याला एटीपी, म्हणजे पेशीची रोकड ऊर्जा खर्च होते. नुसतं मोडायला ऊर्जा कशाला लागावी, हे कोडं शास्त्रज्ञांना बरीच वर्षं छळत होतं. इस्रायलमधल्या हैफाच्या टेक्निऑन संस्थेतले अवराम हर्षको आणि आरोन चेखानोवर, आणि अमेरिकेतले अर्विन रोझ यांनी खुणेची ही पद्धत उलगडली. 2004चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

चेतापेशीची अडचण वेगळी आहे. तिचे फाटे पेशीच्या मध्यापासून लांबवर पसरलेले असतात आणि त्यांवर हजारो सिनॅप्स. त्यांतल्या एकाच सिनॅप्सला बळ द्यायचं, तर प्रथिन नेमकं तिथे हवं. 1982मध्ये ऑस्वल्ड स्ट्युअर्ड आणि विल्यम लेव्ही यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फाट्यांवरच्या काट्यांच्या, म्हणजे सिनॅप्स जिथे बसतात त्या बारीक उंचवट्यांच्या, बुडाशी रायबोसोमचे पुंजके दिसले. 1996मध्ये ह्येजिन कांग आणि एरिन शूमन यांनी फाटे पेशीच्या मुख्य भागापासून कापून वेगळे केले. तरीही बीडीएनएफ हे वाढघटक प्रथिन दिल्यावर सिनॅप्स बळकट झाले, आणि त्यासाठी लागणारी प्रथिनं त्या तुटक्या फाट्यांत तिथल्या तिथे तयार झाली. मोडणी करणाराही दूर बसत नाही. बारिश बिंगोल आणि शूमन यांनी 2006मध्ये दाखवलं, की सिनॅप्स कामाला लागले की प्रोटिअ‍ॅसोम फाट्यातून काट्यांत शिरतात.

पण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो त्याच वर्षीचा, जर्मनीत म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेतला प्रयोग. रोझालिना फोन्सेका, टोबियास बॉनहॉफर आणि सहकारी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसच्या पातळ कापांवर काम करत होते. आठवणींच्या नोंदीशी या भागाचा जवळचा संबंध आहे. त्यांनी सिनॅप्स बळकट केले आणि प्रथिनांची निर्मिती औषधाने रोखली. मिळालेलं बळ टिकलं नाही. मग निर्मिती चालू ठेवून फक्त मोडणी रोखली. तरीही बळ टिकलं नाही. शेवटी दोन्ही एकदम रोखलं, आणि बळ टिकून राहिलं!

हा निकाल मी पुन्हापुन्हा वाचला आहे. आठवण म्हणजे नवी प्रथिनं, असं आपण साठच्या दशकापासून धरून चाललो होतो, कारण निर्मिती रोखली की प्राण्यांच्या नव्या आठवणी टिकत नसत. पण सिनॅप्सवर बळ वाढवणारी प्रथिनं असतात, तशी त्याला आवर घालणारीही असतात, आणि दोन्ही सतत येत-जात असतात. एकच बाजू थांबली की तोल जातो. म्हणून सिनॅप्सचा जोर ठरतो तो आवक आणि जावक यांच्या मेळावर.

हा मेळ बिघडला की काय होतं, ते काही घरांना ठाऊक आहे. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक आजारात सिनॅप्सजवळच्या निर्मितीला लगाम घालणारं प्रथिन नसतं किंवा फार कमी असतं, आणि निर्मिती वाजवीपेक्षा जास्त होते. अँजेलमन सिंड्रोममध्ये बिघाड दुसऱ्या टोकाला आहे. तिथे युबिक्विटिनची खूण चिकटवणारं एक विकर चेतापेशींत मिळत नाही, कारण त्याच्या जनुकाची आईकडून आलेली प्रतच तिथे चालते आणि तीच निकामी असते. दोन्हींत मुलाची समज आणि बोलणं मागे पडतं. दोन्हींचं निदान जनुकीय तपासणीने होतं. घरातलं मूल बोलण्यात, शिकण्यात बरंच मागे असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून वर्षं घालवू नका. बालरोगतज्ज्ञांना या तपासण्यांबद्दल नक्की विचारा.