काळ्या दारूचे दिवस आणि रानरेडा

मराठी शिकारसाहित्याचे आढावे वाघापाशी सुरू होतात आणि वाघापाशीच संपतात. मध्ये बिबट्या, अस्वल, रानडुक्कर यांना थोडी जागा मिळते, गव्याला एखादे पान. रानरेडा मात्र जवळजवळ बेपत्ताच. भानू शिरधनकरांपासून आजवर मराठीत शिकारीवर पुष्कळ लिहिले गेले, पण ठासणीच्या बंदुकीच्या काळात या जनावरासमोर पायी उभे राहिलेल्या माणसांची दखल आपण कधी घेतलीच नाही. गेली अनेक वर्षे मी हेच सांगत आलो आहे. यंदा संपादकांनी जागा दिली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गवा आणि रानरेडा ही दोन वेगळी जनावरे आहेत, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. गवा आपल्या सह्याद्रीचा, दाजीपूर-राधानगरीचा. त्याच्यासाठी १९५८ साली अभयारण्य झाले. रानरेडा पाणथळीचा, दलदलीचा, नदीकाठच्या उंच गवताचा. आरे कॉलनीच्या तबेल्यांत गोरेगावकर रोज पाहतात त्या म्हशींचा हा रानटी पूर्वज. आम्हा उपनगरवाल्यांना म्हैस म्हटली की दूध आठवते. रानरेडा पाहिलेल्या माणसाला आधी त्याची शिंगे आठवतात.

या विषयाच्या नोंदी शोधायच्या तर आपल्या मुंबईतच पहिले पाऊल टाकावे लागते. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आठ जणांनी स्थापन केली. त्यांतले दोघे आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. १८८६ पासून निघालेल्या तिच्या जर्नलच्या सुरुवातीच्या संपादकांत स्टर्नडेल होते. सातपुड्यातल्या सिवनीच्या मुक्कामांवर पुस्तक लिहिणारा हा माणूस शिकारीही होता आणि सस्तन प्राण्यांचा अभ्यासकही. त्या पिढीत या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. मुलुंडहून लोकल पकडून सोसायटीच्या हॉर्नबिल हाउसमधल्या ग्रंथालयात जायचे आणि ते जुने खंड चाळत बसायचे, हा माझ्या तरुणपणातला सर्वांत मोठा आनंद होता.

आता बंदुकांकडे येतो. इंग्रज शिकारी सॅम्युअल बेकरने १८४० मध्ये ब्रिस्टलच्या गिब्जकडून रायफल घडवून घेतली. वजन २१ पौंड, नळी ३६ इंचांची, दारूचे माप १६ ड्रॅम म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, आणि गोळी तीन औंसांची. ती घेऊन तो सिलोनला गेला. तिथल्या मिनेरिया तलावाकाठी रानरेड्यांशी झालेल्या झटापटी त्याने १८५४ च्या पुस्तकात लिहिल्या आहेत. गोळ्या संपल्यावर खिशातली मोड नळीत ठासून त्याने अंगावर आलेल्या रेड्यावर बार काढला, तो प्रसंग वाचताना आजही माझा श्वास अडकतो. तरीही बेकरचा मार्ग हा निव्वळ वजनाचा मार्ग होता. मोठी नळी, मोठी गोळी आणि खांदा मजबूत हवा.

माझा माणूस जेम्स फोर्साइथ. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातला हा अधिकारी. पचमढीचे बायसन लॉज त्याने १८६२ साली बांधले. त्याच सुमारास त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळीवर एक छोटे पुस्तक लिहिले. ते ज्याने नीट वाचले आहे त्याला मी लगेच मित्र मानतो. प्रश्न असा होता. नळीतल्या आट्यांना पीळ जास्त असला आणि दारू जोरकस भरली, तर शिशाची गोल गोळी आटे धरत नाही, घसरून सरळ निघते. म्हणून दारू कमी भरायची. मग गोळी मंद जाते, तिचा मार्ग कमानीसारखा वाकतो आणि अंतराचा अंदाज जरा चुकला की नेम चुकतो. लष्कराच्या ब्रन्सविक रायफलीत तर ३० इंचांतच पूर्ण फेरा होता. तिथे गोळीला पट्टा काढून ती आट्यांत बसवण्याची कसरत करावी लागे. फोर्साइथने ही अडचण उलट बाजूने सोडवली. पीळ इतका सैल ठेवा की आठ-नऊ फुटांत एक फेरा पडेल, गोळीला चिंधी गुंडाळा आणि दारू भरपूर भरा. गोळी आटे सोडत नाही, आणि जंगलात जेवढ्या अंतरावर खरी शिकार होते तेवढ्यात ती जवळजवळ सरळ रेषेत जाते. शीसही नुसते चालत नसे. रेड्याच्या जाड कातड्यावर आणि हाडावर मऊ शीस चपटे होते, म्हणून त्यात कथील किंवा पारा मिसळून गोळी टणक करत.

हे सगळे केले तरी बार एक किंवा दोन. त्यानंतर काळ्या दारूच्या पांढऱ्या धुराचा लोट, आणि समोर काय आहे ते दिसत नाही. पुन्हा दारू ओतायची, गोळी ठासायची, गज काढायचा, टोपी बसवायची. तेवढ्या वेळात जखमी रेडा येऊन पोहोचतो. म्हणून दुसरी भरलेली बंदूक हातात देणारा माणूस मागे हवा. तो गोंड, कोरकू किंवा माडिया असे. माग त्यानेच काढलेला असे, वारा त्यानेच पाहिलेला असे, आणि पळायला वाव असूनही तो जागेवर उभा राही. साहेबांच्या पुस्तकांत बहुधा त्याचे नावही नाही. ही माणसे शिकारीच्या इतिहासाच्या मध्यभागी यायला हवीत, हा माझा जुना आग्रह आहे आणि तो मी सोडणार नाही.

हे मी काही अंशी हाताने शिकलो. आजोळी, सावंतवाडीकडे, शेतीरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक मामांकडे होती. डुकरे भातात शिरली की ते तिला उतरवत. त्यांनी मला पहिल्यांदा सांगितले ते नेमाबद्दल नव्हते. “बार काढलंस काय जागो सोडूक व्हयो,” ते म्हणाले. जखमी डुक्कर धुराच्या रोखाने येते, तेव्हा धुरामागे उभे राहायचे नाही. पुढे जुनी पुस्तके वाचताना हे वाक्य मला पानोपानी आठवत राहिले.

अलीकडे काही मंडळी मांडतात की काळ्या दारूची शिकार न्यायाची होती आणि नाश आधुनिक रायफलने केला. हे मला अजिबात मान्य नाही. अमेरिकेतले बायसनचे अफाट कळप १८७० च्या दशकात काळ्या दारूच्याच शार्प्स रायफलींनी संपवले. १८८९ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ हॉर्नडेने उरलेल्यांची मोजदाद केली, ती हजाराच्या आसपास भरली. हाच हॉर्नडे त्याआधी आपल्या अनामलाईच्या रानात गव्यामागे हिंडला होता. कातडीचा बाजार आणि रेल्वे एकत्र आले, की बंदूक जुनी असो वा नवी, परिणाम तोच.

दुसऱ्या टोकाची मंडळी म्हणतात की शिकाऱ्यांची पुस्तके रक्ताने माखलेली, ती वाचायचीच कशाला? त्यांच्याशी माझे भांडण अधिक आहे. फोर्साइथने १८७१ च्या ग्रंथात पूर्वेकडच्या सालवनांतले रेडे वर्णिले. डनबार ब्रँडरने १९२३ मध्ये मध्य भारतातल्या प्राण्यांचे पुस्तक लिहिले. ही पाने फेकून दिली, तर हे जनावर कुठवर पसरले होते हे आपण कशावरून सांगणार?

१८९८ च्या रिग्बीच्या .४५० नायट्रो एक्स्प्रेसनंतर धूर गेला आणि काळ्या दारूचा काळ संपला. पुढच्या रायफलींच्या जंत्रीत मला रस नाही. आपल्याकडे १९५१ चा मुंबई राज्याचा कायदा आला, मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. गवा आणि रानरेडा दोघेही पहिल्या अनुसूचीत गेले. ते योग्यच झाले.

गवा सावरला. इतका, की डिसेंबर २०२० मध्ये एक पुण्यात कोथरूडला शिरला. माणसांच्या गोंगाटात धावधाव धावून बिचारा मेला. मोबाइल उंचावून त्याच्यामागे पळणाऱ्या गर्दीत वारा पाहणारा, अंतर राखणारा एकही माणूस नसावा, याची मला खरोखर शरम वाटते. रानरेडा मात्र सावरला नाही. गावच्या म्हशींशी संकर, गुरांचे रोग, चराईने संपलेले गवत, आटलेली डबकी. महाराष्ट्रात तो उरला गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंचा वनविभागातल्या कोलामार्कात. तिथे २०१३ मध्ये सुमारे १८० चौरस किलोमीटरचे संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. इंद्रावतीपलीकडच्या छत्तीसगडने त्याला राज्यप्राणी केले. आपल्याकडे बोरिवलीच्या उद्यानातल्या बिबट्याची बातमी रोज छापून येते आणि राज्यातल्या या शेवटच्या कळपाचे नावही उपनगरातल्या निसर्गमंडळांच्या व्याख्यानांत ऐकू येत नाही. पूर्वी अशा बैठकांत जुने खंड हातोहात फिरत. आता पडद्यावर फोटो सरकतात, टाळ्या पडतात आणि लोक लोकल पकडायला निघतात.

जुन्या पुस्तकांतले मुक्काम, नद्या, तळी यांची नावे मी एका वहीत उतरवत आलो आहे. जुन्या चांदा जिल्ह्यापासून बस्तरच्या सीमेपर्यंतची बरीच नावे आजच्या नकाशावर जुळतात. कुठल्या तळ्याशी कुठल्या महिन्यात रेडे दिसले, हेही त्यात आहे. कोलामार्काच्या पाणवठ्यांवर आणि गवताळ पट्ट्यांवर काम करणाऱ्या कुणाला ती वही हवी असेल, तर संपादकांमार्फत कळवावे. त्या भागातल्या माडिया जाणत्यांना सोबत बसवून ती नावे तपासता आली, तर काम आणखी पुढे जाईल.