पत्रा, पाना आणि पासिंग

१ एप्रिल २०१०पासून सोलापुरात नवी मारुती ८०० मिळेनाशी झाली. भारत स्टेज चार हा प्रदूषणाचा कडक नियम त्या दिवशी देशातल्या तेरा शहरांना लागू झाला आणि दिल्ली, मुंबई, चेन्नई, पुणे यांच्या पंगतीला सोलापूरही बसलं होतं. आठशेला त्या नियमात बसवण्याच्या भानगडीत कंपनी पडली नाही. सांगली-कोल्हापुरात मात्र तीच गाडी पुढची जवळजवळ चार वर्षं विकली जात राहिली. अखेर १८ जानेवारी २०१४ रोजी गुरगावच्या कारखान्यात तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे रस्त्यावरची सगळ्यांत धाकटी आठशेसुद्धा आता तपाच्या घरात आहे, आणि थोरल्यांनी चाळिशी ओलांडली आहे. तरीही बार्शीच्या बाजार समितीबाहेर, दापोलीच्या उतारावर, नागपूरच्या एखाद्या निवृत्त मास्तरांच्या फाटकात ती दिसतेच. इतकी वर्षं ती कोण चालवतंय? स्टेअरिंगवर कोण बसतं, असा हा प्रश्न नाही. तिच्या खाली कोण झोपतं, असा आहे.

इतिहास बहुतेकांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. मारुती उद्योग ही सरकारी कंपनी १९८१ची, सुझुकीशी करार १९८२चा, आणि १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीतल्या एका ग्राहकाच्या हाती ठेवली. ती गाडी, नंबर डीआयए ६४७९, त्या गृहस्थांनी अखेरपर्यंत सांभाळली. २०१० साली ते गेले आणि गाडी घराबाहेर ऊनपावसात उभी राहिली ती गंजत गेली. पुढे कंपनीनेच ती नीटनेटकी करून आपल्या मुख्यालयात नेऊन ठेवली. जी गाडी सव्वीस-सत्तावीस वर्षं चालताना टिकली, ती नुसती उभी राहून कुजू लागली. आठशेच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा दिसतं.

इंजिनापासून सुरुवात करू. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कंपनीच्या भाषेत एफ-आठ-बी. पहिल्या गाड्यांची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आतली. सगळी गाडी साडेसहाशे किलोच्या आसपास, चाकं बारा इंची. या आकड्यांना आज कोणी हसेल, पण दुरुस्तीच्या दृष्टीने सगळं वैभव यातच आहे. गाडी हलकी म्हणून क्लच लहान, ब्रेक लहान, स्प्रिंगा लहान, आणि लहान म्हणून स्वस्त. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या भोवती हात घालायला जागा असते. अलीकडच्या गाड्यांत हेडलाइटचा बल्ब बदलायला बंपर सोडवावा लागतो. इथे वॉटर पंपापर्यंत हात पोचतो. आणि पाने चार आकारांचे हाताशी असले की बरंचसं काम भागतं: दहा, बारा, चौदा, सतरा. जपानी गाड्यांचा हा ठरलेला हिशेब आहे. ॲम्बेसेडरवर इंची पान्यांची सवय झालेल्या माणसाला तो वेगळा, पण एकदा हातात बसला की सुटत नाही.

ही गाडी आली तेव्हा मात्र गॅरेजवाले बिचकले होते. मुंबईचा मिस्त्री घडला तो फियाटवर, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीवर. इंजिन उभं, ताकद मागच्या चाकांना, मधून लांबलचक शाफ्ट. आठशेत इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्यालाच चिकटलेला आणि पुढची चाकंच गाडी ओढणार. मागे नेणारा शाफ्टच नाही म्हटल्यावर काहींना गाडी अर्धवट वाटली असेल. पण दहा वर्षांत चित्र पालटलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरांत शिकून बाहेर पडलेल्या पोरांनी गावोगाव स्वतःच्या शेड टाकल्या आणि आठशे हे त्या सगळ्यांचं पहिलं पुस्तक ठरलं. आज पन्नाशीत असलेल्या मेकॅनिकला डिझेल गाडी जमो न जमो, आठशेचं इंजिन तो अंधारात बांधेल. ही गाडी टिकली याचं श्रेय कंपनीच्या पोलादाला देण्याची चाल आहे. मला ते या सार्वत्रिक साक्षरतेला द्यावंसं वाटतं. जी वस्तू तालुक्याच्या गावातले निदान चार जण खोलून पुन्हा जोडू शकतात, ती सहजासहजी मरत नाही.

तिची दुखणीही आता सगळ्यांना तोंडपाठ आहेत. कार्ब्युरेटरच्या गाडीत पहिला संशय कार्ब्युरेटरवरच. टाकीतला गाळ जेटमध्ये अडकला की गाडी हबके खाते, चढावर दम तोडते आणि सिग्नलला बंद पडते. इलाज असा की तो उतरवायचा, पेट्रोलमध्ये धुवायचा, जेटमधून हवा मारायची, फाटला असेल तर डायफ्राम बदलायचा, आणि मग आयडलिंगचा स्क्रू कान लावून फिरवायचा. कान हा शब्द मी उगाच वापरत नाही. तीन सिलिंडरची गाडी उभ्या जागी थरथरतेच, त्यातली साहजिक थरथर कोणती आणि एक सिलिंडर मारत नसल्याची कोणती, हे मीटर लावून कोणी बघत नाही. संशय आला तर प्लगची एकेक टोपी काढून पाहतात. जी काढल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर कामचुकार.

जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरमध्ये सीबी पॉइंट असत. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर ठेवायची, आणि रस्त्यात फीलर गेज नसेल तर खिशातलं व्हिजिटिंग कार्ड दुमडून काम भागवायचं. पॉइंट काळे पडले तर पॉलिश पेपर. पुढे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं आणि ही कला निम्मी विस्मृतीत गेली. तिच्यासाठी हळहळण्याचं कारण नाही. पावसाळ्यात घाटात पॉइंट घासत बसलेला कोणीही हेच सांगेल.

खरा घात होतो तो उष्णतेने. रेडिएटरचा विजेचा पंखा एका छोट्या थर्मो स्विचवर चालतो. तो स्विच मेला की पंखा फिरत नाही, पाणी उकळतं, आणि काटा वर गेलेला पाहूनही पुढच्या गावापर्यंत दामटली तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि हेड गॅसकेट उडतं. तेलाच्या झाकणाखाली दुधी साय दिसली की समजावं, पाणी तेलात उतरलं. मग हेड काढून फेसिंगला न्यायचं, नवं गॅसकेट, नवं तेल. काही शेकड्यांचा स्विच वेळेवर न बदलल्याचा हा हजारोंचा दंड. म्हणूनच जाणता मेकॅनिक जुनी आठशे हाती आली की आधी पंखा लागतोय का ते पाहतो आणि ‘थंड चालावी’ म्हणून कोणी थर्मोस्टॅट काढून टाकलाय का हेही. दुसरा प्रकार आपल्याकडे फार. त्याने गाडी थंड चालते हे खरं, पण इतकी थंड की पेट्रोल जास्त पिते.

धुरालाही भाषा आहे. सकाळी सुरू करताना निळसर भपका येऊन मग थांबला, तर वॉल्व्हचे सील कडक झाले. चालताना सतत निळा धूर आणि तेलाची पातळी दर महिन्याला खाली, तर रिंगा गेल्या. वळताना पुढच्या चाकातून कट-कट आवाज आला तर एक्सलचं रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर गेलं आहे. बूट फाटल्याचं दिसताच बदललं तर काम स्वस्तात, आवाज येईपर्यंत थांबलं तर सगळा जॉइंट.

रिंगा गेल्या की काम हाफ इंजिनावर जातं. ब्लॉक लेथवाल्याकडे जातो, सिलिंडर बोअर होतात आणि पाव किंवा अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन पडतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात असली कामं पिढ्यानपिढ्या चालत आली आहेत. शेतीच्या इंजिनांसाठी, ट्रकांसाठी उभी राहिलेली ती यंत्रं आठशेचा चिमुकला ब्लॉक जाता जाता करून देतात. शहरांत हे हात कमी होत चालले, कारण नव्या गाड्यांचं इंजिन बोअर करण्यापेक्षा बदलण्याकडे कल आहे.

सुटे भाग अजून मिळतात, त्यामागे थोडी वंशावळ आहे. आठशेचं इंजिन ऑम्नीतही होतं, आणि ऑम्नी २०१९पर्यंत बनत राहिली. २०००च्या सुमारास आठशेला एमपीएफआय, बारा वॉल्व्हचं इंजिन मिळालं. त्याच घराण्यातलं इंजिन अल्टोत गेलं आणि अल्टो ८००च्या रूपाने २०२३पर्यंत टिकलं. आई गेली, पण मावश्या उशिरापर्यंत होत्या, म्हणून घरातला दिवा विझला नाही. क्लच सेट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, फिल्टर पुण्याच्या नाना पेठेत मागाल तेव्हा काउंटरवर येतात, आणि दुकानदार आधी विचारतो, ‘कंपनीचा देऊ का लोकल?’ माझं मत सरळ आहे. ब्रेकचे पॅड, स्टेअरिंगचे बॉल जॉइंट, टायमिंग बेल्ट यांत लोकल घेऊ नये. दाराचं हँडल, काच चढवायचा दांडा, टेललाइटची काच कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडीत निघालेल्या गाडीची घेतली तरी काही बिघडत नाही. उलट जुनी अस्सल हँडलं नव्या नकलीपेक्षा चांगली निघतात.

मात्र एक गोष्ट ना नाना पेठेत मिळते ना कुर्ल्यात, ती म्हणजे पत्रा. इंजिन कितीदाही बांधता येतं. आठशे संपते ती खालून. मॅटिंगखाली ओल राहते, फ्लोअर कुजतो, दारांखालच्या पट्ट्या पोखरल्या जातात, बॅटरीच्या खालची जागा आम्लाने खाल्ली जाते. कोकणात हे दुप्पट वेगाने होतं. चार महिन्यांचा पाऊस, खारी हवा, आणि गाडी शाकारलेल्या मांडवात. बाहेरून रंग चकचकीत असतो आणि आत पाय टेकवला की रस्ता दिसतो. डेंटर कुजका भाग कापून नवा पत्रा गॅस वेल्डिंगने बसवतो, वर पुट्टी, वर रंग. चांगला डेंटर कुजलेलं सगळं कापतो. वाईट डेंटर वरून पत्र्याचा तुकडा डकवतो, आणि आतला गंज पुढच्या पावसाळ्यात त्या तुकड्यालाही गिळतो. जुनी आठशे घ्यायची असेल तर इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी गाडी रॅम्पवर चढवावी आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक खालून टोचून पाहावं. विकणारा रागावला तर उत्तर मिळालंच.

हिशेबाचा प्रश्न प्रत्येक मालकाला कधी ना कधी विचारला जातो. इंजिनकामाचं बिल गाडीच्या बाजारभावाशी बरोबरी करू लागलं की नातेवाईक म्हणतात, काका, आता द्या विकून. हा हिशेब मला कायम चुकीचा वाटत आला आहे. बिलाची तुलना जुन्या गाडीच्या भावाशी नको, नव्या गाडीच्या हप्त्याशी करावी. गाडी आठवड्यातून दोनदा बाजारात आणि महिन्यातून एकदा शेजारच्या गावी जात असेल, तर हाफ इंजिनाचा खर्च नव्या गाडीच्या काही महिन्यांच्या हप्त्यांत निघतो. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. या गाडीत एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, आणि पत्र्याची जाडी बोलण्यासारखी नाही. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर कंटेनरांच्या मधून कुटुंबासह ती चालवणं हा काटकसरीचा भाग मानू नये. गावात, तालुक्यात, चाळीस-पन्नासच्या वेगात तिचं राज्य आहे.

अलीकडे एक नवी काळजी पंपावरून आली आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या रबराशी त्याचं जमत नाही; नळ्या फुगतात, डायफ्राम लवकर जातो, टाकीत गंज धरतो. यातला विनोद पश्चिम महाराष्ट्राला वेगळा सांगायला नको. ते इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांतून निघतं, आणि त्या कारखान्याला ऊस घालणारा शेतकरी अनेकदा आठशेतूनच बिलाची चौकशी करायला जातो. इलाज अवघड नाही. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालायच्या आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवायची नाही.

शेवटचा अडथळा कागदाचा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी पासिंग. आठशेसारख्या गाडीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२मध्ये सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेलं, आणि ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी दहा हजार झालं. त्यावर पर्यावरण कर, नवी सुरक्षा नंबर प्लेट, विमा. उत्पादन थांबण्याच्या सुमाराला विकलेल्या गाड्यांची पंधरा वर्षं २०२९मध्ये भरतील, तेव्हा या रांगेत एकजात सगळ्या आठशे उभ्या असतील. पासिंगआधीचा आठवडा गॅरेजमध्ये लगबगीचा असतो: हॉर्न, वायपर, हँडब्रेक, रिफ्लेक्टर, मागच्या चाकांचे ब्रेक शू, सायलेन्सरचं भोक. आणि पीयूसी. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला तीन टक्के कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे. त्यात बसण्यासाठी मिश्रणाचा स्क्रू अर्धा-पाऊण आटा आत घेतला जातो. गाडी कुरकुरते, उचल कमी होते, पण मशिनवर आकडा बसतो. पावती हातात पडली की कोपऱ्यावर थांबून, बॉनेट वर करून, तोच स्क्रू पुन्हा पाऊण आटा बाहेर.