गोलपोस्टमधला पहाड

दोस्तांनो, वर्गात एखादा मुलगा जाडा असला की त्याला काय काय नावं ठेवतात, ते तुम्हाला सांगायला नको. "तू काय खेळणार?" म्हणून त्याला बाहेरच बसवतात. आज ज्याची ओळख करून देणार आहे, त्यालाही लोक 'फॅटी', म्हणजे जाड्या म्हणायचे. पण या जाड्यानं चक्क दोनदा एफ. ए. कप जिंकला!

त्याचं नाव विल्यम फोल्क. जन्म १८७४ सालचा. डर्बीशायरमधल्या ब्लॅकवेल इथं तो कोळशाच्या खाणीत काम करायचा आणि तिथल्याच संघातून खेळायचा. १८९४ मध्ये शेफील्ड युनायटेडनं त्याला गोलकीपर म्हणून घेतलं. तेव्हा तो सहा फुटांहून उंच होता, पण मुळीच जाडा नव्हता. वजन वाढलं ते पुढे. शेवटी शेवटी तर ते १४० किलोच्या आसपास गेलं!

आता गंमत ऐका. त्या काळी चेंडू हातात असलेल्या गोलकीपरला खांद्यानं धक्का देऊन चेंडूसकट गोलमध्ये ढकलायला परवानगी होती! बारीकसारीक गोलकीपरची काय गत होत असेल? पण फोल्कला ढकलणं म्हणजे भिंतीलाच धडक.

मात्र नुसत्या वजनावर कुणी गोलकीपर होत नाही, बरं का! फोल्क चपळ होता. त्याची किक लांब जायची. १८९७ मध्ये तो वेल्सविरुद्ध इंग्लंडकडून खेळला. पुढच्याच वर्षी शेफील्ड युनायटेडनं लीग जिंकली, तर १८९९ मध्ये डर्बी काउंटीला ४-१ असं हरवून एफ. ए. कप. १९०० साली हा पठ्ठ्या डर्बीशायरकडून चार प्रथम श्रेणी क्रिकेट सामनेही खेळला!

१९०२ ची एफ. ए. कप फायनल तर फारच गाजली. समोर साउदम्प्टन. त्यांच्या संघात कोण होता ठाऊक आहे? आपल्या रणजितसिंहजींचा ससेक्समधला जोडीदार, क्रिकेटपटू सी. बी. फ्राय! शेवटच्या काही मिनिटांत साउदम्प्टननं बरोबरी साधली. फोल्कच्या मते तो गोल ऑफसाइड होता. असं सांगतात, की सामना संपल्यावर तो आंघोळ अर्धवट टाकून तसाच रेफरीच्या मागे धावला आणि बिचारा रेफरी कपाटात लपला! अर्थात, रागानं निकाल बदलला नाही. तो बदलला आठवड्यानं झालेल्या फेरसामन्यात. फोल्कनं गोल छान राखला आणि शेफील्ड २-१ असं जिंकलं.

१९०५ मध्ये नव्यानं स्थापन झालेल्या चेल्सी क्लबचा तो पहिला कप्तान झाला. मग ब्रॅडफर्ड सिटीकडून खेळून १९०७ मध्ये तो थांबला. १९१६ साली, अवघ्या ४२ व्या वर्षी, तो वारला.

त्याच्यामागे एक कहाणी पसरली. म्हातारपणी गरिबीमुळे तो ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर पैसे घेऊन लोकांचे चेंडू अडवायचा आणि तिथंच न्यूमोनिया होऊन गेला, असं लोक सांगत राहिले. त्यात तथ्य नाही. म्हातारपण तरी त्याला कुठं मिळालं? पण हसण्यासारख्या माणसाचा शेवटही लोकांना तमाशासारखाच हवा होता.

खरं आहे ते एवढं : शेफील्डसाठी तीनशेहून अधिक सामने, एक लीग, दोन कप. तेव्हा दोस्तांनो, उद्या मैदानावर संघ निवडाल तेव्हा कडेला बसलेल्या त्या मित्राला एकदा गोलमध्ये उभं करून बघा. चेंडू अडवतो की नाही, ते तोच दाखवेल!